सँडीगेट: शनिवार, दुपारी तीन, उताराचं मैदान आणि आमचे आबा

रंकाळावासी

आबा (माझे वडील, वय ७१, शिवाजी पेठ, कोल्हापूर) इकडे शेफील्डला येऊन तीन आठवडे झाले होते. तेवढ्यात त्यांनी घरातल्या सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं, मागच्या अंगणातलं गवत दोनदा कापलं आणि शेजारच्या आजोबांच्या कुंपणाची एक फळीही बसवून दिली. त्यानंतर माणूस खिडकीत बसायला लागला. कोल्हापूरचा माणूस खिडकीत बसला की समजायचं, परतीचं तिकीट अलीकडे ओढण्याची भाषा आता दोन दिवसांत निघणार.

आबा तरुणपणी तालमीच्या संघातून खेळलेले. डावा बॅक. गुडघा अजून त्याची साक्ष देतो. म्हणून आल्या आल्याच त्यांना इथल्या एका मोठ्या क्लबच्या मॅचला घेऊन गेलो होतो. मिळाली ती तिकिटं पार वरच्या मजल्यावरची. आबा पहिल्या दहा मिनिटांत दोनदा उभे राहून ओरडले आणि दोन्ही वेळा मागच्याने "खाली बसा" म्हणून सांगितलं. घरी येताना म्हणाले, "मॅच हाय का नाटक? आणि एवढ्या लांबनं बघायचं तर घरचा टीव्ही काय वाईट हाय?"

मग ऑक्टोबरातल्या एका शनिवारी त्यांना सँडीगेटला नेलं.

सँडीगेट म्हणजे हॅलम एफसीचं मैदान. शहराच्या पश्चिमेला, क्रॉसपूल नावाच्या भागात, चढावर. एका बाजूला साधी बैठी घरं, रस्ता, आणि पलीकडे रिव्हेलिनची दरी. वारा असा येतो की पन्हाळ्यावर उभं राहिल्यासारखं वाटतं. १८०४ पासून इथे क्रिकेट क्लब होता. त्याच क्रिकेटवाल्यांनी १८६० साली फुटबॉलचा क्लब काढला आणि त्या वर्षीच्या २६ डिसेंबरला, म्हणजे नाताळाच्या दुसऱ्या दिवशी, इथे हॅलम विरुद्ध शेफील्ड एफसी अशी मॅच झाली. आजही तिथे मॅचेस होतात. त्यामुळे जगातलं सगळ्यात जुनं फुटबॉल मैदान म्हणून गिनीज बुकात याची नोंद आहे.

हे मी बसमध्ये आबांना सांगत होतो. ते म्हणाले, "मग निकाल काय लागला?" मी म्हटलं, शेफील्ड जिंकलं, दोन-शून्य. "म्हणजे घरच्या मैदानावर पहिलीच मॅच हरली." त्या क्षणापासून ते हॅलमचे झाले. हरणाऱ्याच्या बाजूने जायची त्यांची जुनी खोड आहे.

गेटवर फिरतं लोखंडी दार. एका वेळी एकच माणूस आत जाईल एवढं. आत बसलेल्या काकांनी पैसे घेतले आणि आबांना ज्येष्ठांची सवलत दिली. वयाचा पुरावा मागितला नाही, तर आबा नाराज. "एवढा म्हातारा दिसतो काय मी?" आत एका टेबलावर एक बाई रॅफलची तिकिटं विकत होत्या. आबांनी एक पट्टी घेतली, पाच नंबर. कशाचं बक्षीस आहे ते विचारलं नाही, घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली.

आणि मग मैदान दिसलं. आबा कठड्याशी जाऊन थांबले, डोकं एका बाजूला कलतं केलं, परत सरळ केलं. "उतार हाय रं ह्याला!"

आहेच. चांगला डोळ्यांना दिसणारा उतार. नवख्या पाहुण्या संघाचा अर्धा वेळ चेंडूला थांबवण्यातच जातो. जोर लावलेला पास उताराला लागला की गेलाच बाहेर. घरच्या पोरांना मात्र ते पायात भिनलेलं असतं, ते पास मुद्दाम अर्ध्या जोराचा देतात. हे मला दोन वर्षांत लक्षात आलं नव्हतं, आबांनी पाचव्या मिनिटाला सांगितलं. "त्यो आठ नंबर बघ. बॉल सोडून देतोय नुसता. बाकीचं जमीन करत्या."

कठडा कमरेएवढा. त्याच्यापलीकडे दोन पावलांवर साइडलाइन. खेळाडू थ्रो-इन घ्यायला आला की त्याच्या श्वासाचा आवाज येतो, गुडघ्यावरची चिकटपट्टी सुटलेली दिसते. गोलकीपर नव्वद मिनिटं अखंड बोलत असतो, आणि त्यातला अर्धा मजकूर इथे लिहिण्यासारखा नाही. लाइन्समनला एक आजीबाई नावाने हाक मारून "चष्मा घरी राहिला का?" विचारत होत्या आणि तोही हसत होता. एक कुत्रं मालकाच्या पायाशी बसून चेंडूकडे मान फिरवत होतं. दोनदा चेंडू कुंपणावरून बाहेर गेला, राखीव खेळाडू दार उघडून आणायला गेला.

आबांना कोणी "बसा" म्हणालं नाही. विसाव्या मिनिटाला हॅलमच्या हाफबॅकच्या पाठीमागून माणूस येतोय हे बघून त्यांनी अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असा आवाज टाकला, "मागनं आलाय रं!" तो पोरगा खरंच वळला. आता त्याला मराठी कळलं की आवाजातली काळजी कळली, मला माहीत नाही, पण वळला आणि चेंडू वाचला. शेजारचे एक गृहस्थ, गळ्यात निळा मफलर, आबांकडे बघून म्हणाले, "काय म्हणालात ते?" मी भाषांतर केलं. पुढचा तासभर ते गृहस्थ आणि आबा शेजारी शेजारी. याला त्याचं इंग्रजी कळत नाही (यॉर्कशरचं इंग्रजी मलाच निम्मं कळतं), त्याला याचं मराठी. दोघे हातवारे करून ऑफसाइडवर वाद घालत होते.

हाफटाइमला चहाच्या खिडकीशी रांग. इथे एक फजिती होता होता राहिली. त्या गृहस्थांनी प्रेमाने आबांसाठी कागदी कपातून काहीतरी वाफाळतं आणलं. काळपट, सूपसारखं. आबांनी वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. बोव्हरिल! गाईच्या मांसाचा अर्क गरम पाण्यात. इंग्लंडच्या मैदानांवरचं थंडीतलं पारंपरिक पेय. एक तर ते, आणि त्यात वार शनिवार. आबा शनिवारी अंडंसुद्धा खात नाहीत. मी त्या गृहस्थांना "त्यांचा मारुतीचा उपास आहे" हे समजावायचा प्रयत्न केला. शेवटी "डॉक्टरने सांगितलंय" म्हटल्यावर त्यांना पटलं. बोव्हरिल मी प्यायलो नाही, त्यांनीच दोन्ही कप संपवले.

आबांना चीज आणि कांद्याचा पाय आणि चहा दिला. पायवर हेंडरसन्स रेलिश घातलं. ही शेफील्डची स्वतःची चटणी, १८८५ पासूनची, पातळ, काळी, आंबट-तिखट, आणि पूर्ण शाकाहारी. आबा म्हणाले, "चिंचेचा कोळ पातळ केल्यागत लागतंय," आणि अजून मागितलं.

मॅच दोन-दोन सुटली. परतताना आबा बसमध्ये काही बोलले नाहीत. घरी आल्यावर आईला फोनवर सांगत होते, "अगं शाहू स्टेडियमपेक्षा लहान. पण मॅच दिसत्या."

कोणी इथे अशा छोट्या, नॉन-लीग मैदानांवर गेलंय का? अनुभव लिहा.

---

नीरजा_ठाणे

मस्त लिहिलंय! आबा डोळ्यांसमोर उभे राहिले. बोव्हरिलचा किस्सा वाचून हसतेय. एक प्रश्न: मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, नॉन-लीग म्हणजे नक्की काय? लीगमध्ये नसलेले? मग खेळतात कुठे?

---

टेम्सकाठी

@नीरजा, नाव फसवं आहे. प्रीमियर लीग आणि तिच्या खालचे तीन विभाग मिळून ९२ क्लब. त्यांच्या खालचं सगळं 'नॉन-लीग'. पण तिथेही लीगच असतात, एकाखाली एक, पायऱ्यांसारख्या. पाचवी पायरी नॅशनल लीग, मग तिचे उत्तर-दक्षिण भाग, मग प्रांतवार. अगदी खालपासून जिंकत जिंकत वर चढता येतं, हरलात तर खाली. खेळाडू बरेचसे अर्धवेळ: आठवडाभर कोणी प्लंबर, कोणी शिक्षक, मंगळवार-गुरुवार संध्याकाळी सराव.

आणि एफए कपात (लहानमोठ्या सगळ्या क्लबांची बाद पद्धतीची स्पर्धा) ही सगळी मंडळी ऑगस्टपासूनच पात्रता फेऱ्या खेळायला लागतात. मोठे क्लब उतरतात जानेवारीत. तोवर एखादा छोटा टिकला तर धमाल. लिव्हरपूलजवळच्या क्रॉस्बीचा मरीन, आठव्या पायरीवरचा क्लब, जानेवारी २०२१ मध्ये घरच्या मैदानावर थेट टॉटनहॅमशी खेळला. मैदानाला लागून लोकांची परसं. कोविडमुळे प्रेक्षकांना बंदी, म्हणून क्लबने 'आभासी' तिकिटं काढली, तर तीस हजारांवर खपली! ०-५ हरले, पण क्लबच्या तिजोरीची काही वर्षांची ददात मिटली असावी.

---

शंकासुर

लेख छान पण एक दुरुस्ती. जगातला सर्वात जुना क्लब शेफील्ड एफसी आहे, हॅलम नव्हे.

---

रंकाळावासी

@शंकासुर, मी 'मैदान' लिहिलंय, 'क्लब' नाही. :) सर्वात जुना क्लब शेफील्ड एफसीच, २४ ऑक्टोबर १८५७, क्रेसविक आणि प्रेस्ट या दोघांनी काढला. तोही आता नॉन-लीगमध्येच आहे. गंमत अशी, की २००४ मध्ये फिफाने त्यांना ऑर्डर ऑफ मेरिट दिली, जी क्लब म्हणून फक्त त्यांना आणि रेआल माद्रिदला मिळाली. २००७ च्या दीडशेव्या वाढदिवसाच्या मॅचला पेले आले होते. आणि एवढ्या मानाच्या क्लबचं मैदान गेली वीसेक वर्षं शेफील्डमध्येच नाही, शेजारच्या डर्बीशर परगण्यातल्या ड्रॉनफील्डला, एका पबच्या मागे आहे. तिथेही आबांना न्यायचं होतं, पण ते म्हणाले, "त्यांनी पहिल्या मॅचला आपल्याला हरवलंय." आपल्याला!

---

मिसळीचा_कट

लगा, शिवाजी पेठेचा माणूस शेफील्डात जाऊन पण पेठच करणार!

तुमच्या त्या १८६० मधल्या लोकांत आणि आपल्यात काही फरक नाही वाटतं. आमच्याकडे पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाची मॅच असली की त्या दिवशी दुचाकीवरून भगवे-पिवळे झेंडे, हलगी, आणि हरलेल्या पेठेतून जिंकलेल्यांनी मिरवणूक नेली की पुढचं सांगायला नको. तिकडे एवढं शांत कसं? आजीबाई लाइन्समनला चष्मा विचारतात म्हणे. आमच्याकडे आज्जीने लाइन्समनच्या सात पिढ्यांची चौकशी केली असती.

---

रंकाळावासी

@मिसळीचा_कट, शांत आत्ता. २९ डिसेंबर १८६२ ला हॅलम आणि शेफील्ड याच दोन क्लबांची इथल्या ब्रॅमल लेन मैदानावर मॅच झाली. लँकेशरातल्या कापूस गिरण्या बंद पडल्या होत्या, त्या कामगारांसाठी मदत गोळा करायला. म्हणजे धर्मादाय मॅच! त्यात हॅलमचा वॉटरफॉल आणि शेफील्डचा क्रेसविक (हो, संस्थापकच) यांच्यात ठोसेबाजी झाली, प्रेक्षक मैदानात घुसले, आणि शेवटी वॉटरफॉलला शिक्षा म्हणून गोल राखायला उभं केलं. मॅच शून्य-शून्य. आबांना हे सांगितल्यावर त्यांनी मांडी थोपटली आणि म्हणाले, "हे आधी सांगायचं नाही व्हय!"

---

चहाटळ

गोलकीपर होणं ही शिक्षा! आमच्या गल्लीत पण हाच कायदा होता.

---

शंकासुर

ठीक आहे, मैदान मान्य. पण मूळ मुद्दा: इतक्या खालच्या दर्जाचा खेळ पैसे मोजून थंडीत उभं राहून का बघायचा? टीव्हीवर जगातले उत्तम खेळाडू दिसतात. मला हे थोडं उगाच रोमँटिक करणं वाटतं. हौशी नाटकाला 'मातीचा गंध' म्हणायची सवय असते तसं.

---

टेम्सकाठी

@शंकासुर, शनिवारी दुपारी तीनला तुम्हाला इथे टीव्हीवर मॅच दिसणारच नाही. इंग्लंडमध्ये शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच थेट फुटबॉल दाखवायला बंदी आहे, १९६० च्या दशकापासूनची. कारणच हे: टीव्हीवर मोठे क्लब दिसले तर छोट्या मैदानांवर कोण जाईल? त्यामुळे त्या अडीच तासांत फुटबॉल बघायचा तर उठून कुठेतरी जावं लागतं.

दर्जाचं म्हणाल तर तुमचा मुद्दा अर्धा बरोबर. पहिल्या मॅचला मलाही वाटलं, हे काय चाललंय, सगळे चेंडू हवेत. तिसऱ्या-चौथ्या मॅचला मजा यायला लागली, कारण तोवर माणसं ओळखीची झाली होती. तो उंच सेंटर-फॉरवर्ड डाव्या पायाने कधीच मारत नाही, हे माहीत असलं की त्याच्या डाव्या पायाशी चेंडू आल्यावर अख्खा कठडा एकदम सुस्कारा टाकतो. टीव्हीवर असं होत नाही.

मी दक्षिण लंडनच्या डलविच हॅम्लेटला जातो. मैदान चॅम्पियन हिल. गुलाबी-निळे कपडे, स्थापना १८९३. शेजारी मोठं सुपरमार्केट, त्यामुळे बायको सामान आणते तोवर मी पहिला हाफ बघून घेतो. मैदानाच्या रस्त्याला त्यांच्या जुन्या खेळाडूचं नाव आहे, एडगर केल. हौशी खेळाडू राहूनच १९२९ मध्ये इंग्लंडकडून तीन सामने खेळला. २०१८ मध्ये जागेच्या वादात क्लबला मैदानाबाहेर काढलं. वर्षाअखेरीस परत आले. तोवर घरच्या मॅचेस दुसऱ्याच क्लबच्या मैदानावर. मी त्या काळात दोन बस बदलून जात होतो, आणि बायकोला सांगत होतो की ऑफिसचं काम आहे.

याच चॅम्पियन हिलवर १९४८ च्या ऑलिंपिकची मॅच झाली होती, दक्षिण कोरियाने मेक्सिकोला ५-३ हरवलं. आणि आपली? आपली पहिली ऑलिंपिक फुटबॉल मॅच त्याच स्पर्धेत, ३१ जुलैला, पूर्व लंडनच्या इलफर्डला. फ्रान्सविरुद्ध. आपले बरेच जण अनवाणी खेळले, दोन पेनल्टी वाया गेल्या आणि १-२ हरलो. आपला गोल रामन यांचा. स्वतंत्र भारताचं हे पदार्पण वेम्बलीला नव्हे, हौशी क्लबाच्या गावी झालं. मी मित्रांना हे सांगतो तेव्हा कोणाला खरं वाटत नाही.

---

फोंडेकर

आमच्या गोंयात हे सगळं वेगळं काढून 'अनुभव' म्हणून लिहावं लागत नाही, रोजचंच आहे. :) गावचा फेस्त, गावचं मैदान, आणि बांधावर बसून अर्धा गाव. पंचाला ओळखणारी आजी आमच्याकडेही आहे, फक्त ती कोंकणीत बोलते. म्हापशाला धुळेरच्या मैदानावर एकदा या. बोव्हरिल नाही, पण सोडा मिळेल.

---

नीरजा_ठाणे

मी डिसेंबरात मुलीकडे मँचेस्टरला जातेय, जावई फुटबॉलवेडा आहे, नातू सात वर्षांचा. अशा ठिकाणी लहान मुलाला नेता येतं का? तिकीट आधी काढावं लागतं का? आणि तिथे दारू वगैरे पितात, त्याचं काय?

---

रंकाळावासी

@नीरजा_ठाणे, नातवाला नक्की न्या. पोरं कठड्याला लटकून बघतात, मॅच संपली की मैदानाच्या कडेला आपापला चेंडू खेळतात. तिकीट बहुतेक ठिकाणी दारावर. लहानांना फुकट किंवा नाममात्र. रोख ठेवा थोडी, रॅफलला लागते.

दारूचं: १९८५ च्या एका कायद्याने मोठ्या मैदानांवर, मैदान दिसेल अशा जागी पिता येत नाही. खालच्या पायऱ्यांना तो लागू नाही, त्यामुळे लोक बिअरचा प्लास्टिक ग्लास घेऊन कठड्याशी उभे असतात. पण मी दंगा कधी पाहिला नाही. दोन्ही संघांचे लोक मिसळूनच उभे राहतात. हाफटाइमला पाठीराखे आपण होऊन जागा बदलतात: आपला संघ ज्या गोलावर हल्ला करणार त्याच्या मागे जायचं. अख्खी टोळी चहाचे कप सांभाळत मैदानाला अर्धी प्रदक्षिणा घालते. आबांना हे इतकं आवडलं की ते विरुद्ध दिशेने गेले, "देवाला उजवी घालायची असते" म्हणून. समोरून येणाऱ्या प्रत्येकाला थांबून नमस्कार.

डिसेंबरात एकच धोका, मॅच रद्द होते. चिखल झाला किंवा जमीन गोठून कडक झाली की पंच सकाळी येऊन बघतो आणि नाही म्हणतो. निघण्याआधी क्लबचं पान बघा.

---

मिसळीचा_कट

अवांतर: त्या उताराच्या मैदानावर आपला अनिकेत जाधव असता तर? २०१७ चा सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप खेळलेलं कोल्हापूरचं पोरगं. त्याला उताराची गरजच नाही म्हणा.

---

शंकासुर

माझा आक्षेप कायम आहे. मात्र पुढच्या महिन्यात लीड्सला कामानिमित्त येतोय. शनिवार मोकळा आहे. विचारून ठेवतो, लीड्सहून शेफील्ड किती वेळ?

---

टेम्सकाठी

😂 आगगाडीने तासाभराच्या आत.

---

चहाटळ

शंकासुर साहेब, कानटोपी आणा. छत्री आणू नका, त्या वाऱ्यात उलटेल.

पण धागाकर्ते, मुख्य गोष्ट राहिली. रॅफलचं काय झालं?

---

रंकाळावासी

हां, ते लिहायचं राहिलंच.

हाफटाइमनंतर माइकवर नंबर पुकारले. आबांनी घडी उघडली, चष्मा लावला, आणि माझ्यापुढे पट्टी धरली. लागला होता! आम्ही दोघे टेबलाशी गेलो. त्या बाईंनी टाळ्या वाजवल्या, निळ्या मफलरवाल्यांनी आबांच्या पाठीवर थाप मारली, आणि टेबलाखालून एक मोठी पिशवी काढून आबांच्या हातात दिली. खाटिकाकडची. मटणाची तंगडी, सॉसेज, अजून काय काय. इथे मांसाची रॅफल हा जुना प्रकार आहे, मला ठाऊकच नव्हतं.

शनिवार! आबा पिशवी अंगापासून हातभर लांब धरून उभे. सोडवत नाही, धरवत नाही. दुसरा अख्खा हाफ ती पिशवी मी सांभाळली, आणि त्या कुत्र्याने मॅच बघणं सोडलं.

सॉसेज मफलरवाल्यांना दिले. तंगडी रात्री बारापर्यंत फ्रिजमध्ये. बारा वाजून पाच मिनिटांनी आबा स्वयंपाकघरात, कांदे चिरायला घेतलेले. रविवारी तांबडा चांगला झाला. पांढरा नाही जमला, इथलं नारळाचं दूध डब्यातलं.